चांद्याचे जंगल ओसाड नव्हते

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील जमिनीच्या मालकीबद्दल एक समज फार खोल रुजला आहे. वैनगंगेच्या दोन्ही काठांचा हा मुलूख पूर्वी बेवारस जंगल होता. बाहेरून आलेल्या हिमतीच्या माणसांनी झाडी तोडून गावे वसवली, सरकारने जमीन मोजून रीतसर पट्टे दिले, आणि पुढे ज्यांच्या पदरात जमीन व पैसा पडला त्यांनी तो स्वतःच्या घामाने मिळवला, असा तो समज. सभांतून, कचेऱ्यांतून, जुन्या घराण्यांच्या बखरींतून तो ऐकू येतो. त्याच्याच आधाराने आज वनहक्क कायद्याला खैरात म्हटले जाते आणि ग्रामसभेच्या सामूहिक हक्काला विकासाच्या वाटेतला अडसर. हा समज खोटा आहे. या दोन जिल्ह्यांत जमीन कोणाची हे कुऱ्हाडीने क्वचितच ठरले. ते ठरले सनदेने, पट्ट्याने, जप्तीच्या हुकमाने आणि लीजच्या करारनाम्याने. राजसत्ता ज्याच्या बाजूला, त्याच्या नावावर जमीन, असा हा इतिहास आहे आणि तो कागदोपत्री सापडतो.

सुरुवात गोंड राज्यापासून करावी लागते. बल्लारपूरहून चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, राजधानी आणणाऱ्या गोंड राजांनी काही शतके येथे राज्य केले. चंद्रपूरचा परकोट, त्याचे जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर हे दरवाजे, राणी हिराईच्या काळातली देवळे आजही उभी आहेत. एवढी बांधकामे महसुलाशिवाय होत नाहीत, आणि माणसे नसलेल्या जंगलातून महसूल येत नाही. जो जंगल साफ करील त्याला ती जमीन, जो तलाव बांधील त्याला तलावाच्या पाण्याखालची जमीन, अशी या राजांची रीत असल्याचे परंपरा सांगते. ‘कष्ट करणाऱ्याची जमीन’ असे म्हणणारे नेमका हाच दाखला देतात. पण त्यातून त्यांच्या म्हणण्याच्या उलट निघते. जमीन देणारा राजा होता, तिच्या हद्दी होत्या, देण्याच्या अटी होत्या. तलाव बांधायला आलेला कोहळी बेवारस रानात शिरला नव्हता. तो एका चालत्या राज्यात, त्या राज्याच्या परवानगीने वसला होता.

१७५१ मध्ये नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी शेवटचा गोंड राजा नीलकंठशहा याच्याकडून चांदा घेतला आणि वसुलीची पद्धत बदलली. गावे मक्त्याने दिली जाऊ लागली. मक्तेदाराला मुदत संपण्याआधी जेवढे निघेल तेवढे काढायचे असे, त्यामुळे तलावाची पाळ दुरुस्त करण्यात त्याचा फायदा नव्हता. त्यात पेंढाऱ्यांच्या धाडी आल्या. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत शहरातली आणि जिल्ह्यातली निम्म्याहून अधिक घरे उठल्याची नोंद इंग्रज अधिकाऱ्यांनीच करून ठेवली आहे. १८१८ मध्ये चांद्याचा किल्ला इंग्रजांपुढे पडला, १८५४ मध्ये नागपूरचे राज्य ईस्ट इंडिया कंपनीने खालसा केले, आणि त्यानंतर मोजणीला निघालेल्या साहेबांना जी उजाड गावे दिसली ती अशी उजाड झालेली होती. मोडलेल्या पाळी, गाळाने भरलेल्या बोड्या म्हणजे लहान तळी, झुडपांनी वेढलेल्या धानाच्या बांध्या यांचा अर्थ ‘येथे कधी कोणी नव्हते’ असा लावणे म्हणजे दरोडा पडलेल्या घराला मालकच नव्हता असे ठरवणे आहे.

इंद्रावती, बांडिया आणि पर्लकोटा या नद्यांकडच्या डोंगराळ भागात आणखी एक गैरसमज झाला. तेथले माडिया आदिवासी उतारावर पेंडा शेती करत. एक तुकडा तोडायचा, जाळायचा, दोन-तीन हंगाम त्यात धान्य घ्यायचे आणि मग तो बरीच वर्षे रानाला परत द्यायचा. पाळीत सोडलेला तुकडा पडीक दिसतो, पण त्याच्यावर कोणत्या गावाचा हक्क, पुढच्या खेपेस तो कोण तोडणार, हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असे. गावाच्या हद्दी भूमिया आणि गायता या गावच्या मानकऱ्यांना तोंडपाठ होत्या. मोजणीच्या साखळीला मात्र नांगराखालची जमीन तेवढी दिसत होती. नांगर नाही म्हणजे मालक नाही, या एका गृहीतकाने हजारो चौरस मैलांवरचा वहिवाटीचा हक्क नोंदवहीबाहेर राहिला.

नोंदवहीत नाव कोणाचे चढले हे पाहिले की पुढचे सारे समजते. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला. रिचर्ड टेंपल मुख्य आयुक्त असताना जमाबंदीला जोर आला, आणि चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा मेजर लुसी स्मिथ यांचा अहवाल १८६९ चा आहे. या जमाबंदीने गावाच्या वसुलीची जबाबदारी असलेल्या पाटलाला, मक्तेदाराला गावाचा मालक केले. काल जो सरकारसाठी सारा गोळा करत होता तो आज मालगुजार झाला. ज्यांच्या बापजाद्यांनी बांध्या घातल्या ते त्याची कुळे झाले. काहींना मालिक-मकबुजा म्हणून आपल्या तुकड्यापुरती मालकी राखता आली, बाकीचे मालगुजाराच्या घरच्या शेतीच्या, म्हणजे सीर आणि खुदकाश्तीच्या, कडेला उरले. सरकारला एका गावामागे एक जबाबदार माणूस हवा होता, म्हणून मालक जन्माला आला. त्याने त्याआधी किती जंगल तोडले हे विचारण्याची गरज कोणाला भासली नाही. शिवाय गावाला लागवडीच्या प्रमाणात ठरावीक पड सोडून उरलेले रान ‘जास्तीचे’ म्हणून सरकारने आपल्याकडे घेतले. १८६५ आणि १८७८ च्या वन कायद्यांनी त्यावर राखीव जंगलाचा शिक्का मारला. मालगुजार आणि वनखाते हे एकाच वाटणीचे दोन हिस्सेदार होते.

जमिनीच्या मालकीत राजकारणाचा वाटा केवढा, हे १८५८ च्या प्रकरणात उघड दिसते. त्या वर्षी मार्चमध्ये मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबुराव शेडमाके यांनी इंग्रजांविरुद्ध हत्यार उचलले. अडपल्ली आणि घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना मिळाले. २९ एप्रिलला प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी येथे तार खात्याचे गार्टलँड आणि हॉल हे दोघे छावणीवरच्या हल्ल्यात मारले गेले. डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन यांनी फौजेबरोबरच दुसरे हत्यारही वापरले: अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर त्यांनी दबाव आणला. लक्ष्मीबाईंच्या माणसांनी सप्टेंबरमध्ये बाबुरावांना पकडून इंग्रजांच्या हवाली केले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी दिले गेले. व्यंकटराव बस्तरात निसटले. १८६० मध्ये तेही सापडले आणि त्यांना जन्मठेप झाली. त्यांची अडपल्ली आणि घोटची जमीनदारी जप्त झाली, आणि तीच लक्ष्मीबाईंना बक्षीस म्हणून मिळाली.

या व्यवहारात कोणी एक झाड तोडले नाही, एक बोडी खणली नाही. सरकारशी निष्ठा आणि सरकारशी वैर एवढ्यावर गावेच्या गावे एका घरातून दुसऱ्या घरात गेली. अहेरीची जमीनदारी आधीच अडीच हजार चौरस मैलांहून मोठी होती, बहुतेक सारी जंगलाची. येथे हेही ध्यानात घ्यावे लागते की देणारे-घेणारे सगळे बाहेरचे नव्हते. अहेरीचे घराणे राजगोंड, बाबुराव राजगोंड, व्यंकटराव राजगोंड. ‘बाहेरचे विरुद्ध आदिवासी’ या सोप्या विभागणीत हा इतिहास मावत नाही. ज्याला सत्तेने जवळ केले त्याची जमीन वाढली, मग तो कोणत्याही जातीचा असो. आणि ज्या माडिया-गोंड रयतेच्या वहिवाटीवर ही जमीनदारी उभी होती, तिचे नाव कोणत्याच सनदेत आले नाही.

कष्टाने जंगल जिंकल्याची ही कथा जगात सर्वात जास्त गायली गेली ती अमेरिकेत, आणि ‘तेथे तर असेच घडले’ हा दाखला येथेही दिला जातो. तो दाखलाही तपासून घेण्यासारखा आहे. १७६३ च्या राजघोषणेने अपालाचियन पर्वतापलीकडे वसाहतीला मनाई केली होती. तरीही १७६७ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन आपल्या मोजणीदाराला पत्र लिहून त्या बाजूची उत्तम जमीन हेरून ठेवायला सांगत होते. १७८७ मध्ये ओहायो कंपनीने काँग्रेसकडे वशिला लावून सुमारे १५ लाख एकरांचा सौदा केला. १८२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जॉन्सन विरुद्ध मॅकिंटॉश या दाव्यात निर्णय दिला की मूळ रहिवाशांना जमिनीवर केवळ राहण्याचा हक्क आहे, मालकी ती ‘शोधून काढणाऱ्या’ राष्ट्राची. १८३० च्या कायद्याने त्यांना मिसिसिपीपलीकडे हाकलणे सुरू झाले. कष्टाळू शेतकऱ्याला १६० एकर देणारा प्रसिद्ध होमस्टेड कायदा १८६२ चा, म्हणजे सगळ्यात शेवटी आला. त्याच वर्षी रेल्वे कंपन्यांनाही सरकारने प्रचंड जमिनी दिल्या. शेतकऱ्याचे कष्ट खरे होते, पण जमीन आधी कायद्याने आणि फौजेने मोकळी करून घेतली होती. चांद्यात तेच झाले, फक्त नकाशा लहान होता.

या समजाच्या समर्थकांचे एक म्हणणे मात्र खरे आहे आणि ते मान्य केले पाहिजे. मालगुजारांच्या काळात तलाव बांधले गेले, जपले गेले. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड, मूल या भागांत माजी मालगुजारी तलाव आजही धानाला पाणी देतात. दगडी तुडूम उघडून कोणत्या बांधीला केव्हा पाणी सोडायचे, पाळीवर माती कोणी टाकायची, गाळ कोणी उपसायचा, याचे नियम होते आणि ते पाळले जात. पण हे नियम पाळणारे हात कोणाचे होते? पाळीवर माती टाकणारी कुळे, तलाव घडवणारे कोहळी, तलावात मासे धरणारे ढीवर, बेगारीवर बोलावलेले गोंड यांच्या श्रमाने तलाव टिकला, आणि त्याची मालकी मालगुजाराच्या नावावर राहिली. १९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले, तेव्हा पाळीकडे पाहणारे कोणी उरले नाही; ज्या लोकांनी ते राखले होते त्यांच्याकडे ते सोपवावेत असे कोणाच्या मनातही आले नाही. तलावांची आजची दैना मालगुजार गेल्यामुळे झाली असे म्हणण्यात अर्धेच सत्य आहे. गावाला हक्क दिलाच नाही, हे उरलेले अर्धे.

१९५१ चा तो बदल ज्या कायद्याने झाला तो मध्य प्रदेशचा १९५० चा मालकी हक्क निर्मूलन कायदा. चांदा तेव्हा मध्य प्रदेशात होता. जमीनदार आणि मालगुजार गेले, पण त्यांचे जंगल गावाकडे आले नाही. ते सरकारकडे गेले, आणि गावाला निस्तार म्हणून सरपण, चराई, बांबू यांची सवलत उरली, तीही खात्याच्या मर्जीवर. बल्लारपूरची कागद गिरणी १९४५ ची. तिला पुढे या जिल्ह्यांतला बांबू दीर्घ मुदतीच्या कराराने, सवलतीच्या दरात मिळत राहिला. टोपल्या-सुपे विणून पोट भरणाऱ्या बुरडाला आणि घराच्या कुडासाठी चार बांबू आणणाऱ्या माडियाला मात्र वनरक्षकासमोर उभे राहावे लागे. १९६९ मध्ये तेंदूपानाचा व्यापारही सरकारने हाती घेतला आणि ठेकेदारांची एक नवी श्रीमंत फळी तयार झाली. या संपत्तीत जोखीम पत्करून रान जिंकणारा शूर पुरुष कुठे आहे? एका बाजूला सवलतीचा करार आहे आणि दुसऱ्या बाजूला मजुरीचा दर.

रान मोकळे आहे हे गृहीतक स्वातंत्र्यानंतरच्या सरकारांनीही सोडले नाही. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना साठच्या दशकात चामोर्शी-मुलचेरा भागात जंगलजमिनीवर वसवले गेले. ती माणसे स्वतः घरदार गमावून आलेली होती, त्यांचा यात दोष नाही. दोष आहे तो या जमिनीवर आधीच कोणाचा हक्क असू शकतो हे न विचारणाऱ्या धोरणाचा. १९६२ मध्ये चांद्यातून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून गेलेले लालश्याम शहा यांनी याच प्रश्नावर १९६४ मध्ये खासदारकीचा राजीनामा दिला. ते स्वतः पानाबारसचे जमीनदार होते. आदिवासींच्या जमिनीसाठी संसदेतली जागा सोडणाऱ्या या माणसाचे नाव जिल्ह्याच्या राजकीय आठवणीत आज फारसे निघत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

‘आदिवासीला पट्टा द्या, खरेदी-विक्रीची मोकळीक द्या, तो आपोआप श्रीमंत होईल’ हा सल्लाही वारंवार दिला जातो. हा प्रयोग झालेला आहे. अमेरिकेत १८८७ च्या डॉस कायद्याने मूळ रहिवाशांची सामूहिक जमीन माणशी तुकड्यांत वाटली. १९३४ पर्यंत त्यांच्याकडची जमीन सुमारे १३.८ कोटी एकरांवरून ४.८ कोटी एकरांवर आली. महाराष्ट्रात वेगळे घडले नाही. सावकाराचे कर्ज, अंगठ्याचा ठसा, मग खरेदीखत, या वाटेने आदिवासींच्या इतक्या जमिनी गेल्या की विधिमंडळाला १९७४ मध्ये कायदे करावे लागले. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासींकडून बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत करण्याची तरतूद त्यांतल्या एका कायद्यात झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ती वैध ठरवली. खुला बाजार हा बरोबरीच्या माणसांमधला व्यवहार असतो. एकाच्या हातात रोकड आणि कचेरीतली ओळख, दुसऱ्याच्या हातात फक्त जमीन, अशा ठिकाणी खुल्या बाजाराचा शेवट ठरलेला असतो.

या पार्श्वभूमीवर २००६ चा वनहक्क कायदा पाहावा. वनवासी समाजांवर ऐतिहासिक अन्याय झाला आहे, असे या कायद्याच्या उद्देशिकेतच संसदेने लिहून ठेवले आहे. म्हणून त्याला खैरात म्हणणे चूक आहे. जो हक्क आधीपासून होता तो इतकी वर्षे नोंदवलाच नव्हता. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू विकायचा तर वाहतूक परवाना लागतो, आणि तो देण्याचा अधिकार सोडायला वनखाते तयार नव्हते. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री आणि मुख्यमंत्री गावात आले तेव्हा परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले. त्यानंतर गावाने स्वतः बांबू विकला, सर्वांच्या संमतीने तोडीचे नियम केले, आणि पुढे ग्रामदानाचा ठराव करून शेतजमीनही ग्रामसभेच्या नावे करण्याचा निर्णय घेतला. चंद्रपूरच्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये हक्क मिळाला, तेथेही बांबूचा व्यवहार ग्रामसभा चालवते. गडचिरोलीत आज हजाराहून अधिक ग्रामसभांकडे असे हक्क आहेत. ‘गावाच्या हाती दिले तर जंगल संपेल’ ही भीती घालणाऱ्यांनी सांगावे की रेल्वेच्या स्लीपरांसाठी सागवान आणि कागदासाठी बांबू ज्या काळात अव्याहत तोडला गेला, त्या काळात जंगल कोणाच्या हाती होते.

हा कायदाही पुरेसा नाही. बिगर-आदिवासी गरिबाला, म्हणजे ढीवर, कोहळी, भूमिहीन कुणबी यांना, १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वहिवाट सिद्ध करावी लागते. ज्या जिल्ह्यात गावाचा कागद मालगुजाराच्या वाड्यात असे, तेथे मजुराच्या आजोबाचा पुरावा कुठून आणायचा? आदिवासी आणि इतर गरीब यांच्यात या अटीने जी दरी पाडली आहे तिचा फायदा दोघांचीही जमीन हवी असणाऱ्यांना होतो.

जमिनीचा हा इतिहास आज एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरावर येऊन थांबला आहे. वनहक्क कायदा संसदेने डिसेंबर २००६ मध्ये संमत केला आणि २००७ च्या अगदी अखेरीस तो अमलात आला. मधल्याच २००७ साली या डोंगरावर सुमारे ३४८ हेक्टरची लोहखनिजाची लीज दिली गेली. ज्या गावांची ठाकूरदेवाची यात्रा या डोंगरावर भरते त्यांचा हक्क नोंदवण्याआधी कंपनीचा हक्क नोंदवला गेला. २०१६ मध्ये खोदकाम सुरू झाले, त्या डिसेंबरात नक्षलवाद्यांनी तेथली ऐंशीच्या आसपास वाहने जाळली, आणि मग डोंगराचा प्रश्न बंदुकीच्या प्रश्नात बुडाला. बंदुकीच्या धाकाने कोणाचाच हक्क सिद्ध होत नाही. पण २०२३ मध्ये तोडगट्टा येथे खाणींविरोधात महिनोन्‌महिने शांतपणे ठिय्या देऊन बसलेले माणसांचे गट बंदूक घेऊन आले नव्हते. ते ग्रामसभांचे ठराव घेऊन आले होते.

‘खनिज राष्ट्राचे आहे’ हे उत्तर येथे पुरत नाही. ओडिशातल्या नियमगिरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये खाणीचा प्रश्न ग्रामसभांकडे पाठवला, बारा ग्रामसभांनी नकार दिला आणि खाण झाली नाही. राष्ट्र बुडाले नाही. खाणीमुळे रोजगार येतो, रस्ते येतात, हे खरे आहे, आणि एटापल्लीतल्या अनेक तरुणांना तो रोजगार हवाही आहे. तो कोणत्या अटींवर हवा, डोंगराचा कोणता भाग राखायचा, उत्पन्नाचा वाटा कोणाला, हे ठरवायला तीच माणसे समर्थ आहेत. अनुसूचित क्षेत्रांसाठीचा १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा आपल्या साधनसंपत्तीचे रक्षण करण्याचा अधिकार त्यांच्या ग्रामसभांना देतात. गडचिरोलीत यापुढे एकही नवी लीज, एकही मुदतवाढ ग्रामसभेच्या लेखी, मोकळ्या आणि पूर्वसंमतीशिवाय देता कामा नये, आणि ज्या लीज अशा संमतीविना दिल्या गेल्या त्या पुन्हा त्या ग्रामसभांपुढे ठेवल्या पाहिजेत.